वरचा एक सोडून

अण्णा तोंडात टाचण्या धरून बोलत, त्यामुळे माझ्या आयुष्यातले बरेचसे महत्त्वाचे निर्णय मला नीट ऐकूच आलेले नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. देवळाली कॅम्पात फौजी गणवेश शिवणारे टेलर. खालच्या ओठावर चार-पाच टाचण्या आडव्या धरलेल्या आणि त्यांच्यामागून येणारं "हूं". या "हूं"चे अनेक प्रकार होते आणि ते सगळे फक्त आईला कळत. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असे, अण्णा "हूं हूं हं" असं काहीतरी म्हणत, आणि आतून चहाचा ट्रे घेऊन येणारी आई सांगे, "ते म्हणतायत, बाही अजून बोटभर वर घ्यावी लागेल." खरंच महत्त्वाचं काही बोलायचं असलं, की अण्णा एकेक टाचणी काढून डाव्या मनगटावर बांधलेल्या छोट्या उशीत खोचत. शेवटची टाचणी खोचली जाईपर्यंत समोरचा खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेला असे. मी तर दुसऱ्या टाचणीलाच रडायला लागायचे, असं आई सांगायची. खोटं आहे. तिसरीला.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी, असं आमचं घर. घराला स्वतःचे असे आवाज होते. दोन मशीनींची घरघर, टेबलावरून कापड कापत जाणाऱ्या कात्रीचा जड, चरचरीत आवाज, कोळशाच्या इस्त्रीवर पाणी शिंपडलं की होणारा चर्र, आणि लांब माळावर तोफांचा सराव चालू असला की खिडक्यांच्या काचांची थरथर. पाहुणे दचकायचे. आम्ही नुसते चहाच्या कपावर हात ठेवायचो. दुकानाच्या मधोमध कटिंगचं टेबल होतं, चांगलं आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, सागवानी. मी त्याच्याखाली रांगायला शिकले, त्याच्यावर बसून पाढे म्हटले आणि त्याच्यावरच, पुढे सांगणार आहे तसा, माझा दारुण पराभव झाला.

या टेबलाशी निगडित दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे मग मध्येच थांबायला नको. एक म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस जाड होतो, पोर उंच होतं, मग शिवण उसवून ती माया बाहेर काढायची. अण्णांच्या मते टेलर ओळखायचा तो बाहेरच्या शिलाईवरून नव्हे, आत किती माया सोडली त्यावरून. दुसरी गोष्ट अण्णांचा टेप. पिवळ्या रंगाचा, मेणकापडाचा. त्याचं पितळी टोक कधीतरी तुटलं होतं, आणि टोकाबरोबर पहिला इंचही गेला होता. टेप सुरूच एकपासून व्हायचा. म्हणून आमच्या दुकानात माप वाचताना वरचा एक सोडायचा, म्हणजे टेपवर एकतीस दिसले तर छाती तीस. नवा टेप आणायला कितीसा वेळ लागतो? पण अण्णांचा त्या टेपवर जीव होता, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यात वजाबाकी इतकी मुरलेली, की शाळेत पट्टीनं रेघ मोजतानाही मी एक कमी करायचे. गणितात कमी मार्क पडण्याचं हे कारण मी बाईंना सांगून पाहिलं होतं.

तेव्हा मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती आणि स्वतःला फार म्हणजे फारच हुशार समजत होते. आज त्या मुलीला बघितलं तर मी तिचा कान पिरगाळीन आणि मग हसून हसून खाली बसेन. बसेन म्हणजे, गुडघ्यांनी परवानगी दिली तर. दोन वेण्या, त्यातली एक कायम पुढे. नाकावर घसरणारा चष्मा. आणि कुणी काहीही बोललं की "असं नसतं ते" हे तोंडात तयार. आईनं वरणाला फोडणी दिली तरी मी "असं नसतं ते" म्हणायचे. फोडणी कशी असते ते मला माहीत नव्हतं, हा भाग वेगळा. मला शहरातल्या कॉलेजात जाऊन इतिहास घेऊन बी.ए. व्हायचं होतं. अण्णांना मी दुकानात हवी होते. सुईत दोरा ओवायला त्यांना आता खिडकीशी जावं लागायचं, काजं तिरकी पडायला लागली होती, आणि मी एकुलती एक. "इतिहासाचं काय करायचं असतं?" त्यांनी एकदाच विचारलं होतं, टाचण्या काढून. मला उत्तर आलं नव्हतं. म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, म्हणजे आईसमोर जेवले नव्हते.

आता मेजरकाका. तोफखान्यातून निवृत्त होऊन कॅम्पातच राहिलेले, उंच, काटकुळे, भुवया मिशीएवढ्या. निवृत्तीनंतर ते बारीक होत चालले होते, त्यामुळे दर दोन महिन्यांनी एक पँट कंबरेत आत घ्यायला आणायचे. एकदा ते आले आणि पँट द्यायची विसरून टेबलाकडेच बघत राहिले. मग हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, खाली वाकून डोळा टेबलाच्या पातळीला आणला. अण्णांना वाटलं, साहेब टेबल विकत मागणार. साहेब म्हणाले, "टेलरमास्टर, सोमवारी दुकान बंद असतं ना? मला इथे एक लढाई करायची आहे."

झालं होतं असं, की मेजरकाकांना एक नाद होता. परदेशात ट्रेनिंगला गेले असताना तो लागला होता. बोटभर लांबीचे धातूचे रणगाडे, नखाएवढे सैनिक, सगळं स्वतः बारीक ब्रशनं रंगवलेलं, आणि टाइप केलेले नियम. कुठला रणगाडा एका चालीत किती इंच सरकणार, त्याची तोफ किती इंचांवर पोचणार, कुणाचं चिलखत कुठून फुटणार, सगळं इंच आणि फासे यांच्यावर. घरच्या जेवणाच्या टेबलावर ते हा खेळ मांडायचे. एके दिवशी पाहुणे जेवायला यायचे होते आणि टेबलावर अख्खं फ्रान्स पसरलेलं होतं. मेजरीणबाईंनी फ्रान्स एका परातीत भरलं आणि सांगितलं, पुन्हा दिसलं तर भंगारवाल्याला देईन. अशा रीतीनं सैन्य विस्थापित होऊन आमच्याकडे आलं.

सोमवार आईचा उपासाचा. त्यामुळे आमची सगळी युद्धं भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर लढली गेली. टेबलावर खाकी कापड अंथरायचं, ती जमीन. ब्लाउजपीसच्या हिरव्या चिंध्या म्हणजे जंगल, निळ्या अस्तराची पट्टी म्हणजे नदी, लाकडी फूटपट्टी म्हणजे पूल, उभी रिळं म्हणजे कारखान्याच्या चिमण्या. टेलरच्या खडूनं रस्ते काढायचे. थंड इस्त्री म्हणजे टेकडीवरचं चर्च. आई आमटीचं पातेलं घेऊन यायची आणि विचारायची, "हे कुठं ठेवू?" मेजरकाका गंभीरपणे सांगत, "वहिनी, नदीच्या अलीकडे कुठेही. पलीकडे शत्रू आहे." त्यांच्याबरोबर खेळायला कुणीच नव्हतं. अण्णा सोमवारी दाराशी बसून हातशिलाई करत आणि या पोरखेळाकडे मान वर करून बघतही नसत. मग राहिले मी. पहिल्या दिवशी मी फक्त टेप धरायला होते. दुसऱ्या सोमवारी मेजरकाकांची चाल चुकली म्हणून मी "असं नसतं ते" म्हणाले. तिसऱ्या सोमवारपासून माझ्याकडे माझं सैन्य होतं आणि मेजरकाका मला जनरल म्हणायला लागले होते.

आणि माझ्याकडे टायगर होता. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा अवजड रणगाडा. मेजरकाकांच्या पेटीत तो कापसात गुंडाळून वेगळा ठेवलेला असे. बाकीच्यांपेक्षा रुंद, चौकोनी, पिवळट मातीच्या रंगाचा, पुढे भलीमोठी तोफ. मी बघताक्षणी म्हणाले, हा माझा. मेजरकाकांनी वाचायला दिलेल्या पुस्तकांतून मग मी त्याची कुंडली पाठ केली. सत्तावन्न टन वजन. पुढचं चिलखत इतकं जाड, की समोरून शत्रूचे बहुतेक गोळे नुसते आपटून बाजूला व्हायचे. तोफ अशी, की दुसऱ्याची तोफ पोचण्याआधीच दोन-तीन गाड्या पेटवायची. अमेरिकन शर्मन त्याच्यापुढे म्हणजे बैलासमोर कोकरं. मी जेवताना हे सांगायचे, अंथरुणावर पडल्यापडल्या सांगायचे, शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या तर त्यांनाही सांगायचे. काकू म्हणायच्या, "अगं बाई, हो का?" आणि साखर घेऊन पळायच्या. त्याच जातीच्या पुढच्या, आणखी जड रणगाड्याला जर्मन लोक ज्या नावानं हाक मारत, तो त्यांच्या भाषेत आपला बंगालचा पट्टेरी वाघच, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर त्या काकूंनी साखर मागणंच सोडलं असतं.

मला फक्त पोलाद दिसत होतं. ते कुणाचं पोलाद होतं, कुणासाठी ते माणसं मारत सुटलं होतं, हे मला पुस्तकात दिसूनही दिसत नव्हतं. मेजरकाका त्यावर भाषण देत नसत. त्यांची एक पद्धत होती. टेबलावरचा कुठलाही रणगाडा मारला गेला की अण्णांच्या खांद्याच्या पॅडसाठी आणलेल्या कापसातला एक बोळा धूर म्हणून ते त्याच्यावर ठेवत आणि क्षणभर हात मांडीवर घेऊन गप्प बसत. शत्रूचा असो की स्वतःचा. मी एकदा घाईनं म्हटलं, "चला ना काका, तुमची चाल." ते म्हणाले, "जनरल, आत पाच जण होते." मग फासे टाकले. त्यानंतर मीही गप्प बसायला शिकले. खरं सांगायचं तर आधी नुसतं नाटक म्हणून, नंतर नाटक न करता.

पण नियमांमध्ये टायगरचे अवगुणही होते आणि ते मला अजिबात मान्य नव्हते. तो हळू सरकायचा. दर चालीला फासा टाकावा लागे आणि एक पडला की गाडी बंद. साध्या पुलाला तो पेलायचा नाही. मी भांडायचे, हे नियम टायगरवर अन्याय करतात म्हणायचे. "अन्याय नाही, इतिहास," मेजरकाका म्हणत. "इंजिनावर झेपेल त्यापेक्षा जास्त वजन घातलं होतं. गिअर तुटायचे. चिखलात रुतला तर ओढायला दोन-तीन मोठ्या गाड्या लागायच्या. कित्येक टायगर तर बंद पडले म्हणून त्यांच्याच लोकांनी उडवले." आणि एकदा त्यांनी ती रेल्वेची गोष्ट सांगितली. टायगर इतका रुंद होता, की त्याचे पट्टे रेल्वेच्या डब्याबाहेर येत आणि वाटेतल्या बोगद्यांत घासले असते. म्हणून प्रत्येक प्रवासाला त्याचे रुंद पट्टे काढायचे, अरुंद पट्टे चढवायचे, आणि मुक्कामाला उतरलं की पुन्हा रुंद.

दाराशी बसलेल्या अण्णांची सुई थांबली. महिनोन्‌महिने त्यांनी या खेळाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. टाचण्यांमागून ते म्हणाले, "हूं हूं हं?"

"म्हणजे गाडीतून उतरलं की दरवेळी पँट बदलायची?" आईनं भाषांतर केलं.

"अगदी तसंच, मास्टर!"

अण्णांनी टाचण्या काढल्या. सगळ्या. "मापापेक्षा मोठा शिवला आणि आत माया नाय ठेवली," ते म्हणाले. अण्णा कळवणकडचे. मनापासून बोलले की गावची भाषा यायची. "लय वाईट काम." आणि पुन्हा टाचण्या तोंडात. मला टायगरचा हा अपमान इतका लागला, की मी त्या दिवशी आमटी घेतली नाही.

याच सुमाराला कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले. घरात कुणी मोठ्यानं भांडत नव्हतं, पण ताटं जरा जोरात मांडली जात होती. अण्णांनी माझ्यासाठी दुसऱ्या मशीनीला तेल घातलं, पट्टा नवा बसवला. मला ते बघून रडू यायचं आणि राग यायचा की यांना काहीच कसं कळत नाही. आता वाटतं, माणूस आपल्याकडची सगळ्यात चांगली मशीन तेल घालून देत होता आणि मी त्याच्याकडे टायगर रोखून बसले होते. असो. एका सोमवारी मेजरकाका पेटी उघडत असताना मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "अण्णा, आज मी काकांना हरवलं तर कॉलेज. हरले तर गुपचूप दुकानात बसेन." आजवर मी मेजरकाकांना एकदाही हरवलेलं नव्हतं. पण मी असं बोलले, जणू माझ्यामागे आर्मी उभी आहे.

मेजरकाकांचा चेहरा पडला. "अरे, मला कशाला मध्ये—"

"हूं," अण्णा म्हणाले.

"हूं म्हणजे काय हो?" या वेळी आईलाही कळलं नव्हतं.

एक टाचणी. दुसरी. तिसरी. चौथी. "ठरलं," अण्णा म्हणाले. "हरली तर दुकानात बसायचं. आणि साहेब, मुद्दाम हरायचं नाय. तुम्हाला वर्दीची शपथ."

"शपथ," मेजरकाका म्हणाले, आणि सावधान उभे राहून म्हणाले. मग त्यांनी खिसे चाचपले आणि आणखीच खजील झाले. त्यांचा मोजायचा स्टीलचा टेप मेजरीणबाईंनी पडद्यांची मापं घ्यायला नेला होता. तेव्हा अण्णांचा पिवळा टेप घेतला. एरवी कधी त्याची गरजच पडली नव्हती.

खेळ साधा होता. माझा टायगर एकटा, त्यांचे शर्मन पाच. ठरलेल्या चाली संपेपर्यंत टायगर जिवंत राहिला तर मी जिंकले. मी टायगरला चर्चच्या, म्हणजे इस्त्रीच्या आडोशाला ठेवलं, तोंड नदीकडे. सगळी मापं मीच घेत होते, वाकून, टेप ताणून, आकडा मोठ्यानं सांगत. पहिला शर्मन पूल ओलांडताना गेला. कापूस, शांतता. दुसरा जंगलातून डोकावला आणि गेला. मग टायगरचा फासा एक पडला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. एरवी मी भांडले असते, पण त्या दिवशी हूं की चूं केलं नाही. नुसती तोफ वळवून तिसरा पेटवला. आई उपासाचा बटाट्याचा कीस ढवळायची थांबून दारात उभी होती. तिच्या हातात झारा होता. "किती राहिले?" तिनं विचारलं. "दोन," मी म्हटलं. "मग मार की बाई ते पण," आई म्हणाली. उपासाच्या दिवशी.

चौथा मी मारला तो निव्वळ नशिबानं. पाचवा मात्र मेजरकाकांनी नदीच्या अस्तराला लागून, रिळांच्या मागून, चोरपावलांनी फिरवत आणला होता. तो टायगरच्या पाठीमागे निघाला. टायगर पाठीमागून लेचापेचा, पण शर्मनची तोफ त्याच्या पाठीत घुसायला अंतर बारा इंच किंवा कमी हवं. आणि ही शेवटची चाल होती. तो शर्मन त्यांच्या बाजूला असल्यामुळे मेजरकाकांनी टेप स्वतः घेतला. तुटकं टोक शर्मनच्या तोफेला लावलं, टेप ताणला, चष्मा वर केला. काचा थरथरल्या, लांब कुठेतरी तोफ उडाली होती. कुणी कपावर हात ठेवला नाही.

"साडेबारा," मेजरकाका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांचंच कॉलेज वाचलं. "नाही पोचत. जनरल, जिंकलीस!"

आणि मी म्हणाले, "असं नसतं ते. साडेबारा कुठले? वरचा एक सोडा की. साडेअकरा."

आत बटाट्याचा कीस चुरचुरत करपायला लागला. मेजरकाका माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. मला काय झालंय ते कळायला आणखी जरा वेळ गेला, आणि मग कळलं.

हे मी पुढे लोकांना सांगते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दाटतो. काय तो प्रामाणिकपणा, म्हणतात. मी त्यांना तसं समजू देते. पण इथे लिहायला बसलेच आहे तर लिहिते. कसला प्रामाणिकपणा? विचार करायला क्षणभर मिळाला असता तर मी तोंड शिवून बसले असते, आमच्याकडे सुयांना काय तोटा. ती नुसती सवय होती. जन्मल्यापासून कुणीही त्या टेपवरून आकडा वाचला, की मी राहून गेलेली वजाबाकी पुरी करायचे, तशीच केली.

"फासा टाकायलाच हवा का?" मेजरकाकांनी अण्णांना विचारलं. माझ्याकडे न बघता.

अण्णांनी सुई कापडात टोचून ठेवली. टाचण्या काढल्या. या वेळी घाई न करता. "टाका साहेब," ते म्हणाले. "माप ते माप."

गोळा लागायला फाशावर तीन किंवा वर पडायला हवे होते. पाच पडले. मेजरकाकांनी कापसाचा बोळा टायगरवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मी पण घेतले. पाच जण आत होते आणि त्या दिवशी सहावी मी. मग मी निळं अस्तर, म्हणजे नदी, उचलली आणि तिच्यात तोंड खुपसून रडले. मेजरकाका जाताना पेटी बंद करून एवढंच म्हणाले, "मास्टर, मी इतकी वर्षं फौजेत काढली. स्वतःचं सैन्य असं कुणी—" आणि वाक्य अर्धंच टाकून पायरी उतरले. करपलेला कीस आम्ही तसाच खाल्ला.

मंगळवारी मी दुकानात बसले. ठरलं होतं तसं, गुपचूप. अण्णा खिडकीशी जाऊन सुईत दोरा ओवत होते. मी उठले, सुई त्यांच्या हातातून घेतली, ओवून दिली. ते म्हणाले, "हूं," आणि पिवळा टेप गळ्यातून काढला. "उभी राहा."

"कशाला?"

"हूं हूं." त्यांनी माझ्या खांद्याचं माप घेतलं. मग बाहीचं, उंचीचं. वरचा एक सोडून खडूनं आकडे टेबलावर लिहिले. कपाटातून जांभळं सुती कापड काढलं, आईच्या परकरांसाठी म्हणून ठेवलेलं, आणि टेबलावर पसरून कापायला घेतलं. कात्रीचा तो चरचरीत आवाज. बाजूंना मला जेवढी माया बघायची सवय होती त्याच्या दुप्पट त्यांनी सोडली होती. मला वाटलं, दुकानात बसायचं तर बरे कपडे हवेत म्हणून ड्रेस शिवतायत. मला आणखी रडू आलं. ड्रेस, तोही दुकानात बसायला!

संध्याकाळी तो अंगावर घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा अण्णा खालची कड टाचत होते, गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या. "कॉलेज सकाळी किती वाजता असतं?" आईनं दारातून विचारलं. त्यांच्यासाठी विचारत होती हे उघड होतं, कारण अण्णांचा हात थांबला होता.

"अकराला," मी म्हटलं. "पण त्याचं आता काय? मी हरले ना? ठरलं होतं ना दुकानात बसायचं?"

अण्णांनी टाचण्या काढल्या नाहीत. मी वाट बघत होते, पण काढल्या नाहीत. तशाच तोंडात धरून ते चांगलं लांबलचक काहीतरी बोलले, मध्ये दोनदा "हूं" आणि एकदा टेबलाकडे हात. मला त्यातलं "ठरलं" एवढं कळलं, "खरं माप" कळलं, "कुठंही" कळलं, आणि शेवटी "चालेल".

"काय म्हणाले?" मी आईला विचारलं.

आईनं पदरानं नाक पुसलं. "ते म्हणतायत, ठरलं ते ठरलं. दुकानात बसायचंच. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी आल्यावर. मधल्या वेळाचं कुणी काही बोललं नव्हतं."

"आणि 'कुठंही' काय म्हणाले?"

"ते मला पण नाही कळलं," आई म्हणाली. साफ खोटं. माझ्या आईला कळलं नाही असं एकही "हूं" जगात नव्हतं, एक तेवढं सोमवारचं सोडून. पण तिनं कधी सांगितलं नाही, आणि अण्णांना मी विचारलं तर ते टाचण्या तोंडात धरत, नसल्या तर शोधून आणून धरत.

तीन वर्षं मी बसनं कॉलेजला जायचे, आणि सकाळ-संध्याकाळ काजं करायचे, बी.ए. होईपर्यंत. मेजरकाकांना मी पुढे दोनदा हरवलं, दोन्ही वेळा शर्मन घेऊन. टायगर पेटीत कापसात पडून राहिला. आता नातू त्याच्या संगणकावर तोच रणगाडा घेऊन धडाधड गोळे सोडतो आणि मला म्हणतो, "आजी, बघ, हा सगळ्यात पॉवरफुल." मी म्हणते, "उतरल्यावर पँट बदलावी लागते त्याला." तो त्याच्या आईला जाऊन सांगतो, आजी काहीतरी बोलतेय.

तो जांभळा ड्रेस मी पहिल्यांदा उसवला लग्नाच्या वर्षी, आणि मुलगी झाल्यावर पुन्हा. धुऊन धुऊन तो राखाडी झाला होता. पण शिवण उसवून माया बाहेर काढली, तेव्हा दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत एकेक पट्टा निघाला, पहिल्या दिवसासारखा जांभळाशार. लोक म्हणायचे, हा काय रंगीबेरंगी प्रकार घातलायस, टाकून दे. मी तो तसाच घालून मंडईत जायचे.